हस्तव्यवसाय शिक्षण : हाताला कौशल्य की पायात बेडी?

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दरवर्षी विद्यार्थी मार्गदर्शन शिबिर होते. गेल्या खेपेला आलेल्या पाहुण्यांनी तासभर एकच मुद्दा लावून धरला. सगळ्यांनीच डॉक्टर-इंजिनिअर व्हायची गरज नाही, पदव्या घेऊन पोरे बेकार फिरतात, त्यापेक्षा हातात एखादे कौशल्य घ्या, कोणतेही काम हलके नसते. टाळ्या पडल्या. मग मागच्या सतरंजीवर बसलेल्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका आईने विचारले, "साहेब, माझ्या पोराने हा कोर्स केला तर पुढे त्याला इंजिनिअरिंगला जाता येईल का? का तो तिथेच थांबणार?" पाहुण्यांना उत्तर देता आले नाही. "आधी त्याला पायावर उभा तर राहू द्या," असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

मला तो प्रश्न सोडत नाही. हस्तव्यवसाय शिक्षण, उद्योग शिक्षण, मूलोद्योग, कौशल्य विकास ही नावे बदलत गेली, पण गेल्या दीडशे वर्षांत अशी जी जी योजना आली, तिला हाच प्रश्न विचारायला हवा होता. शिकून झाल्यावर पोर पुढे कुठे जाऊ शकते? श्रमाला प्रतिष्ठा आहे की नाही, हा आपल्यासाठी वादाचा मुद्दाच नाही. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या श्रमात गेल्या त्यांना श्रमाची प्रतिष्ठा कोणी शिकवायची गरज नाही. वाद आहे तो काम कोण निवडतो आणि त्या कामातून वर जायची वाट उघडी आहे की बंद, याचा.

लेण्यांत नाव कोरणारा सुतार

आधी एक गैरसमज दूर करू. कारागिरी म्हणजे मुळातच हलके काम, असे या देशात कायम नव्हते. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचे नाव शिलालेखात कोरलेले आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी ते कोरीव काम आपण केल्याची नोंद ठेवली आहे. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली आणि त्या व्याजातून भिक्षूंचा खर्च चालावा अशी व्यवस्था केली. एखादा राजजामात आपला पैसा विणकरांच्या संघटनेकडे ठेवतो, याचा अर्थ त्या संघटनेला पत होती, हिशेब होता, समाजात विश्वास होता.

बापाचे काम मुलाने करणे तेव्हाही चालत होते. ती व्यवस्था स्वर्ग होती असा माझा दावा नाही. पण बापाचे काम करणे ही सोय असणे वेगळे आणि तो कायदा असणे वेगळे. मनुस्मृतीने त्याचा कायदा केला. दहाव्या अध्यायात स्पष्ट आज्ञा आहे. खालच्या जातीचा माणूस लोभाने वरच्यांच्या व्यवसायावर जगू लागला, तर राजाने त्याचे सर्वस्व हिरावून घ्यावे आणि त्याला हद्दपार करावे. म्हणजे कौशल्य बदलणे हा गुन्हा ठरला. जगात अनेक ठिकाणी कारागीर गरीब होते. पण दुसरे काम शिकला म्हणून माणसाला देशोधडीला लावण्याची तरतूद धर्मग्रंथात करणारी संस्कृती आपल्याच वाट्याला आली.

बलुतेदारी : शाळा नसलेले उद्योग शिक्षण

गावगाड्यात प्रत्येक पोराला उद्योग शिक्षण मिळतच होते. चांभाराचे पोर रापी धरायला शिकत होते, मांगाचे पोर दोरखंड वळायला शिकत होते, कुंभाराचे पोर चाकावर बसत होते. यात कौशल्य खरे होते. कातडे कमावणे हे रसायनशास्त्रच आहे. पण त्या ज्ञानाला अक्षर नव्हते, भांडवल नव्हते आणि मालाची किंमत ठरवायचा हक्क नव्हता. सुगीला खळ्यावर उभे राहून पदरात पडेल ते धान्य घ्यायचे. महाराच्या वाट्याला तर कौशल्य म्हणावे असेही काही ठेवले नव्हते. सांगावा पोचवणे, मेलेले जनावर ओढणे, सरकारी कामाला चोवीस तास हजर राहणे, यालाच वतन म्हणायचे.

१९२७ साली महाडच्या परिषदेनंतर आपल्या लोकांनी मेलेली जनावरे ओढणे सोडले, तेव्हा काय झाले हे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात सांगितले आहे. 'केसरी'तून हिशेब मांडला जाऊ लागला की कातडे, शिंगे, हाडे विकून महारांना वर्षाला ५०० रुपये मिळू शकतात आणि त्यांचा हा पुढारी त्यांचे नुकसान करतो आहे. बाबासाहेबांचे उत्तर सरळ होते. एवढा फायदा असेल तर तुम्हीच ती जनावरे ओढा, वर ५०० रुपये मी पदरचे देतो. ते आव्हान घ्यायला कोणी पुढे आले नाही.

मित्रांनो, हा प्रसंग आपण हसून सोडून देतो, पण त्यात आजचा सगळा वाद आहे. "यात कमाई आहे, मग का सोडता?" हे वाक्य तेव्हा मेलेल्या जनावराबद्दल बोलले गेले. आज ते कौशल्य योजनांच्या भाषणांत ऐकू येते. बोलणारा स्वतः ते काम करणार नसतो, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

फुल्यांनी काय मागितले होते?

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शेतकऱ्यांच्या करातून जमलेला पैसा मूठभरांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मुख्य आरोप. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, ही मागणी. आणि अभ्यासक्रम कोणता हवा? मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, नीती, आरोग्य आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान.

ही यादी नीट पाहा. शेती आहे, पण सगळ्यात आधी लेखन, वाचन आणि हिशेब आहेत. कारण मोडी वाचता येत नाही म्हणून कुलकर्णी लिहील त्या कागदावर अंगठा उठवणारा शेतकरी फुल्यांनी रोज पाहिला होता. ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. गवंडी आणि बिगारी यांच्या घामावर कोण कसा पैसा खातो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. सरकारी शाळा फक्त कारकून तयार करतात, स्वतंत्रपणे पोट भरायला उपयोगी पडेल असे काही शिकवत नाहीत, ही तक्रारही त्यांनी त्याच निवेदनात केली. म्हणजे फुल्यांचा हातकामाला विरोध नव्हता. पण हातकामाच्या नावाखाली अक्षर काढून घेणे त्यांना कधीच मान्य झाले नसते. उद्योग आणि अक्षर एकाच पोराला मिळाले पाहिजे, हा आपल्या परंपरेचा पहिला धडा.

धोट्याला लावलेले ओठ

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे उद्देश आपण वसतिगृहे आणि वाचनालये एवढ्यावर आटोपतो. त्यात आणखी एक उद्देश होता. बहिष्कृत वर्गाची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी औद्योगिक आणि शेतकी शाळा काढणे. "बाबासाहेबांनी फक्त बॅरिस्टर आणि कलेक्टर व्हायला सांगितले" असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पण शाळा काढून भागत नव्हते, कारण कौशल्याच्या दारावर जात उभी होती. मुंबईच्या कापड गिरण्या म्हणजे आधुनिक उद्योग. तिथे जात नसावी अशी कोणाचीही अपेक्षा. प्रत्यक्षात जास्त पगाराच्या विणकाम विभागात, म्हणजे साळखात्यात, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे. ज्या धोट्याला महाराचे ओठ लागले त्याला आपले ओठ कसे लावायचे, असा सवर्ण कामगारांचा आक्षेप. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या सूतकताई विभागात अडकून राहिली. यंत्र नवे, भांडवल नवे, संघटना लाल बावट्याची, तरीही साळखात्याचे दार बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना बजावले की ही बंदी उठवण्याची मागणी तुमच्या मागण्यांत घ्या, नाहीतर आमचे लोक संपात राहणार नाहीत. पुढाऱ्यांनी कुरकुरत ती घेतली.

यातून दुसरा धडा मिळतो. माणूस अकुशल आहे म्हणून तो मागे राहिला, हे अर्धसत्य आहे. पुष्कळदा त्याला कुशल होऊ दिले गेले नाही. त्यामुळे जो फक्त प्रशिक्षणाची भाषा करतो आणि भेदभावाचे नाव घेत नाही, तो आजाराचे नाव न घेता औषध वाटतो.

ड्यूई, ड्यू बॉईस आणि बाबासाहेब

हाच वाद त्या काळात अमेरिकेत निग्रो समाजातही पेटला होता. गुलामीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये टस्कीगी येथे संस्था उभारली. विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती बांधल्या. शेती, सुतारकाम, लोहारकाम शिका, आधी पोटापाण्याचे बघा, राजकीय हक्कांची घाई करू नका, असे त्यांचे सांगणे. गोऱ्या धनिकांना ते फार आवडले आणि देणग्यांचा ओघ लागला. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी १९०३ मध्ये यावर कठोर टीका केली. मतदानाचा हक्क, नागरी समता आणि उच्च शिक्षण सोडून मिळवलेले कौशल्य टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वॉशिंग्टन यांचे कष्ट खोटे नव्हते. पण शोषक वर्ग शोषितांच्या एखाद्या शिक्षण योजनेवर इतका खूश का आहे, हे तपासायला हवे, ही ड्यू बॉईस यांची शिकवण आपल्याही कामाची आहे. याच ड्यू बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते.

कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई. ड्यूईंनी शिकागोच्या आपल्या प्रयोगशाळेत मुलांना विणकाम, सुतारकाम, स्वयंपाक शिकवला, पण त्यांना विणकर किंवा आचारी बनवण्यासाठी नव्हे. कापूस हाताळता हाताळता मुलांनी कापसाचा भूगोल, यंत्राचा इतिहास आणि समाजाची रचना समजून घ्यावी, हा हेतू. १९१६ च्या 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' या ग्रंथात त्यांनी इशाराही दिला. व्यवसाय शिक्षण समाजातली आहे ती उतरंड कायम ठेवण्याचे हत्यार बनू शकते.

बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' मध्ये हा विचार भारतीय मातीत आणला. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, तीही एकाखाली एक अशा पायऱ्यांची. तिथे काम माणसाच्या आवडीने किंवा कुवतीने ठरत नाही, जन्माने ठरते. आणि जात व्यवसाय बदलू देत नाही, म्हणून तीच बेकारीचे मोठे कारण आहे, हा त्यांचा आर्थिक मुद्दा आजही फारसा कोणी विचारात घेत नाही.

वर्ध्याची टकळी

'जातिनिर्मूलन' १९३६ मध्ये छापून आले. त्याच वर्षी जुलैमध्ये गांधीजींनी 'हरिजन'मधून उत्तर दिले. वर्णाचा नियम प्रत्येकाला वडिलोपार्जित व्यवसायावर उपजीविका करायला सांगतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. सव्वा वर्षाने, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, त्यांच्याच अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम जन्माला आली. डॉ. झाकीर हुसेन समितीने आराखडा केला, १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने तो स्वीकारला.

इथे आपण न्यायाने बोलले पाहिजे. वर्धा योजनेत चांभाराच्या पोराने चांभारकीच शिकावी असे लिहिलेले नव्हते. ब्राह्मणाच्या पोरानेही टकळी धरावी, अशी अपेक्षा होती. सात वर्षांचे मोफत, सक्तीचे आणि मातृभाषेतले शिक्षण ही मागणी चांगलीच होती. झाकीर हुसेन समितीने तर बजावले होते की उत्पन्नाच्या मागे लागून शिक्षणाचा हेतू हरवू देऊ नका.

मग अडचण कुठे होती? वेळापत्रक पाहा. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे. मातृभाषेला ४० मिनिटे. गणित, संगीत आणि चित्रकला मिळून ४० मिनिटे. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून ३० मिनिटे. मुलांनी तयार केलेल्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा, ही कल्पना. परिषदेतच अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी या स्वावलंबनाला आक्षेप घेतला होता.

ज्याच्या घरात तीन पिढ्यांची पुस्तके आहेत त्या पोराला ४० मिनिटांची भाषा पुरते, कारण उरलेली भाषा त्याला घरी मिळते. ज्याच्या घरात पहिल्यांदा पाटी आली, त्याला शाळा हेच अक्षर मिळण्याचे एकमेव ठिकाण. तिथेही सव्वातीन तास हातकाम करायचे, तर त्याने अक्षर कधी गिरवायचे? वेळापत्रक सगळ्यांना सारखे, पण तोटा सारखा नव्हता.

पुढे काय झाले ते आपल्या गावांत अजून दिसते. महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांच्या पाटीवर आजही 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' हे नाव आहे. ते त्याच मूलोद्योगाच्या काळातले. आपल्या आजोबांच्या पिढीने तिथे पेळू आणि टकळी हाताळली. शहरातल्या इंग्रजी शाळांत मात्र टकळी फिरकली नाही. योजना मांडणाऱ्या वर्गाने आपली मुले त्या शाळेत घातली नाहीत. सगळ्यांसाठी म्हणून आलेले शिक्षण शेवटी गरिबांसाठीचे शिक्षण झाले. मग गरिबांनीही त्याकडे पाठ फिरवली, आणि ते शहाणपणाचेच होते.

१९४२ : छापखाना आणि रेल्वे वर्कशॉप

आता बाबासाहेबांनी स्वतः सत्तेत असताना काय मागितले ते पाहू. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अनुसूचित जातींच्या तक्रारींचे निवेदन लॉर्ड लिनलिथगो यांना दिले. त्यात शिक्षणाबद्दल त्यांचे मत स्पष्ट आहे. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आता फारसे साधणार नाही, आमच्या मुलांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण पाहिजे. त्यासाठी सरकारी शिष्यवृत्त्या द्या, परदेशी पाठवा. आणि त्याच निवेदनात दुसरी मागणी, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आमच्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या.

छापखाना आणि रेल्वे वर्कशॉप ही निवड बघा. झाडू नाही, कातडे नाही, दोरखंड नाही, टकळीसुद्धा नाही. ज्या कामाला जातीचा इतिहास नाही, ज्याचा पगार सरकारी दराने ठरतो आणि ज्यात शिकाऊपासून फोरमनपर्यंत पायऱ्या आहेत, ते काम. आणि जो पोरगा याच्याही पुढे जाऊ शकतो त्याच्यासाठी शिष्यवृत्ती आणि परदेश. म्हणजे खालची पायरी आणि वरची पायरी एकाच निवेदनात. बाबासाहेबांचे उद्योग शिक्षण ही शिडी होती.

मद्रासमध्ये मुखवटा गळाला

वर्ध्यात जे दबलेले होते ते १९५३ मध्ये मद्रास राज्यात उघड झाले. मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. शाळा रोज तीन तास. उरलेल्या वेळात मुलांनी घरी बापाचा धंदा शिकायचा. कारण दिले होते शाळांच्या कमतरतेचे, दोन पाळ्या चालवल्या की जास्त मुले बसतील. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला एका शब्दात उघडे केले, 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण. वकिलाचे पोर उरलेला अर्धा दिवस कायद्याच्या पुस्तकांत घालवणार आणि परिटाचे पोर घाटावर. रान पेटले, खुद्द काँग्रेसमध्ये फूट पडली. एप्रिल १९५४ मध्ये राजगोपालाचारींना पद सोडावे लागले आणि नवे मुख्यमंत्री कामराज यांनी ती योजना मागे घेतली. त्यानंतर त्यांनी शाळा वाढवल्या आणि मुलांना दुपारचे जेवण दिले. मुले शाळेत यायची असतील तर तास कमी करायचे नसतात, ताट वाढायचे असते, हे कामराजांनी करून दाखवले.

आजची भाषा

हा सगळा जुना इतिहास झाला, असे वाटत असेल तर तीन गोष्टी पाहा.

पहिली, २०१६ ची बालमजुरी कायद्यातली दुरुस्ती. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर बंदी आली, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत धोकादायक नसलेल्या कौटुंबिक व्यवसायात मदत करायला मुभा ठेवली. ज्या देशात कौटुंबिक व्यवसाय म्हणजे बहुतेक वेळा जातीचा व्यवसाय, तिथे ही मुभा कोणाच्या पोरांना लागू होते हे सांगायला नको.

दुसरी, राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२०. सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख आणि सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकणे. कल्पना वाईट नाही. बंगल्यातले पोर दहा दिवस कुंभाराच्या चाकावर बसले तर चांगलेच आहे. पण कुंभाराच्या पोराने त्या दहा दिवसांत काय शिकायचे? त्याला कोणी प्रयोगशाळेत, न्यायालयात, वर्तमानपत्राच्या कचेरीत नेणार आहे का? आपल्या पालकांनी शाळेत हे विचारलेच पाहिजे.

तिसरी, १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना. अठरा पारंपरिक व्यवसाय, अवजारांसाठी १५ हजार रुपये, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाखांचे कर्ज. जो आज चपला शिवून पोट भरतो त्याला स्वस्त कर्ज मिळत असेल तर त्याने ते जरूर घ्यावे, तो त्याचा हक्क आहे. पण योजनेचा जाहीर हेतू काय आहे? गुरु-शिष्य परंपरा आणि कुटुंबात चालत आलेली कौशल्ये बळकट करणे. किमान वय १८, म्हणजे कॉलेजात जायचे वय. तामिळनाडू सरकारने २०२४ मध्ये हीच हरकत घेतली, कुटुंबाचा पारंपरिक व्यवसाय ही अट नको आणि कॉलेजच्या वयातल्या पोरांना त्यात ओढू नका, आणि स्वतःची वेगळी योजना आणली. ज्यांनी १९५३ पाहिले त्यांना २०२३ ओळखायला वेळ लागला नाही. महाराष्ट्रात, फुले-शाहू-आंबेडकरांच्या नावाने शपथा घेणाऱ्या महाराष्ट्रात, यावर गंभीर चर्चासुद्धा झाली नाही.

आणि बायकांचे काय? आपल्या वस्त्यांत महिलांसाठी जी योजना येते ती शिलाई मशीन, पापड, लोणची आणि मेंदी यापलीकडे जात नाही. पुरुषाला जातीने बांधले, बाईला जातीने आणि चुलीने. वायरमन, वेल्डर, सीएनसी मशीन चालवणे हे ट्रेड तिच्यासाठी का नकोत?

मग आपण काय करायचे?

हातकामाचा तिरस्कार करणे हे उत्तर नाही. आपल्यातही एक पांढरपेशा वर्ग तयार झाला आहे, जो आयटीआयच्या पोराकडे खालच्या नजरेने बघतो. तो नकळत मनूचेच काम करतो आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत, कमवा आणि शिका या तत्त्वावर शेतात आणि बांधकामावर राबत. पण ते राबणे पुढच्या शिक्षणाची फी भरण्यासाठी होते. खडी फोडणारे पोर पदवीधर होऊन बाहेर पडत होते. सातारा आणि वर्धा, दोन्हीकडे मुलांच्या हातात काम होते. साताऱ्यात ते काम पोराला पुढच्या वर्गात घेऊन जात होते.

म्हणून यापुढे कोणतीही कौशल्य योजना आपल्या दारात आली की कार्यकर्त्यांनी चार प्रश्न विचारावेत. हे काम पोराने निवडले की त्याच्या आडनावाने? यासोबत भाषा, गणित, विज्ञान आणि कायदा शिकवणार की फक्त हात चालवायला शिकवणार? शिकल्यावर नोकरी देताना जात आडवी आली तर दाद कुठे मागायची? आणि योजना आणणाऱ्याची स्वतःची मुले यात आहेत का?

आणि माहिती आपल्यालाही हवी. शिबिरातल्या त्या आईला मी नंतर घरी जाऊन उत्तर दिले. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केला तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव आहेत, त्या भरल्या जातात की नाही हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. वाट आहे, पण ती कोणी दाखवत नाही, आणि दाखवली नाही की पोर तिथेच थांबते.

त्या माऊलीने सगळे ऐकून घेतले आणि पोराला हाक मारली, "वही आण, लिहून घे हे." १९४२ मध्ये बाबासाहेबांनी मागितलेली शिडी अजून पुरी बांधून झालेली नाही. पुढच्या जूनमध्ये आपापल्या विहारात शिबिर ठेवाल तेव्हा पाहुणे कोण बोलवायचे याचा विचार करा, आणि ही माहिती कागदावर छापून प्रत्येक पालकाच्या हातात द्या.

जय भीम!